‘फोर्थ विंग’ मराठीत सांगताना: मळणी, गोंदण आणि ‘नाजूक’ हा शब्द

प्रश्न – ओसरीवरच्या_बाई

नमस्कार. मी सोलापूरची. बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आमच्या घराच्या ओसरीवर दर गुरुवारी संध्याकाळी दहा-बारा जणी जमतात. त्यांत महाविद्यालयातल्या मुली आहेत, शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, यंत्रमागावर चालणाऱ्या घरांतल्या दोन तेलुगूभाषक जावा आहेत आणि अक्कलकोटकडच्या एक कन्नड बोलणाऱ्या आजी आहेत. इंग्रजी कादंबरी सलग वाचू शकणाऱ्या आमच्यात तिघीच, म्हणून आठवडाभरात दोन-तीन प्रकरणे मी वाचते आणि गुरुवारी ती मराठीतून सांगते. वाचून दाखवत नाही, कीर्तनकार आख्यान सांगतात तशी सांगते.

सध्या रेबेका यारोस यांची २०२३ साली प्रसिद्ध झालेली ‘फोर्थ विंग’ ही कादंबरी चालू आहे. निवड मुलींची. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवार नावाच्या राज्यात बास्गियाथ हे युद्धमहाविद्यालय आहे आणि त्याच्या चार शाखा आहेत: वैद्य, लेखनिक, पायदळ आणि ड्रॅगनस्वार. वीस वर्षांची व्हायोलेट ग्रंथालयात वाढलेली आहे आणि वडिलांसारखी लेखनिक होण्याची तयारी तिने आयुष्यभर केलेली आहे. परंतु तिची आई, जी सैन्यात जनरल आहे, तिला ऐन वेळी स्वारांच्या शाखेत जाण्याचा हुकूम देते. तिथे तिची गाठ झेडनशी पडते. त्याच्या वडिलांना बंडाबद्दल देहदंड झालेला आहे, आणि ते बंड मोडून काढणाऱ्यांत व्हायोलेटची आई होती. वैऱ्याच्या घरातल्या मुलावर जीव जडणे ही गोष्ट आमच्या आजींनाही नवी नाही, त्यामुळे प्रेमकथा सांगताना मला कुठेच अडचण आली नाही. अडचण शब्दांची आहे, आणि ती दर गुरुवारी वाढते आहे.

पहिला शब्द, ज्या दिवशी ड्रॅगन आपापला स्वार निवडतात त्या दिवसाचे नाव. इंग्रजीत तो शब्द सरळ ‘थ्रेशिंग’ आहे. ‘निवडीचा दिवस’ म्हणावे तर ते नोकरीच्या मुलाखतीसारखे वाटते. दुसरा शब्द अंगावर उमटणाऱ्या खुणेचा. ड्रॅगनशी नाते जुळले की स्वाराच्या त्वचेवर एक आकृती उमटते, आणि बंडखोरांच्या मुलांच्या अंगावरही तशीच एक आकृती आहे, पण ती त्यांच्यावर लादलेली आहे. लेखिका दोन्हींना ‘रेलिक’ हा एकच शब्द वापरते. मी गोंदण म्हणावे की डाग?

तिसरा शब्द मात्र माझ्याकडून चुकूनच गेला आहे, आणि त्याची मला मनापासून रुखरुख लागली आहे. व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात आणि हाडे लवकर मोडतात. पहिल्याच गुरुवारी मी तिचे वर्णन करताना ‘नाजूक’ हा शब्द वापरला. त्या एका शब्दाने सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गाण्यांतली, चाफ्याच्या कळीसारखी नायिका उभी राहिली. आजी म्हणाल्या, “मग अशा पोरीला घरीच ठेवायचं की.” वास्तविक त्या जगात मुलगी असणे ही अडचणच नाही, तिथे मुली आणि मुले बरोबरीने लढतात, तिची आई सैन्याचे नेतृत्व करते, तिची मोठी बहीण स्वार आहे. परंतु ‘नाजूक’ म्हटल्यानंतर ते सगळे मागे पडले आणि ऐकणाऱ्यांनी व्हायोलेटला मनातल्या मनात खुर्चीवर बसवून टाकले. तो शब्द आता परत कसा घ्यावा?

याखेरीज ‘विंग’ आणि ‘ड्रॅगन’ यांविषयीही सुचवावे. आम्ही अजून त्या निवडीच्या दिवसापर्यंत पोहोचलेलो नाही, म्हणून पुढचे कथानक कृपया उघड करू नये.

उत्तर – तिवडा

नमस्कार बाई. मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या काळ्या रानातला माणूस आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या शब्दाविषयी अधिकाराने बोलतो. ‘मळणी’ म्हणा आणि दुसरा कोणताही शब्द शोधू नका.

मी लहान असताना आमच्याकडे मळणीयंत्र नव्हते. शाळू निघाला की खळे करायचे. जमिनीवर पाणी मारायचे, ती चोपून दगडासारखी करायची, वरून शेणाने सारवायची आणि मधोमध लाकडी खांब रोवायचा, तो तिवडा. त्याच्याभोवती कणसे पसरायची आणि बैलांची पात त्यांवरून गोल गोल फिरवायची. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागीच वळतो आणि कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात सगळा फेरा मारावा लागतो, म्हणून आत वयस्कर बैल आणि बाहेर तरणा. दुपारपर्यंत कणसांचा आवाज बदलतो. आधी करकर वाजतात, मग पायांखाली वाळू असावी तसा मऊ आवाज येतो, आणि तेव्हा कळते की दाणे सुटले. त्यानंतर वारा पडायच्या आत उफणणी.

हे लांबण लावून सांगण्याचे कारण असे की मळणीत कोणी कोणाला निवडत नाही. दाणा आणि भुसकट एकाच कणसात असतात आणि खुरांचे ओझे अंगावरून गेल्याशिवाय कोण काय आहे ते ठरत नाही. पहिल्या वर्षाची मुले त्या दिवशी ड्रॅगनांच्या मधे जातात, काही स्वार होऊन परततात, काही तसेच परततात आणि काही परततच नाहीत. त्या दिवसाला हे नाव देताना लेखिकेने शेतकऱ्याचा शब्द उगीच उचललेला नसावा. आजच्या इंग्रजी वाचकाला तो शब्द जुन्या काळातला वाटत असेल, पण आपल्या जिल्ह्यात साठी उलटलेल्या माणसाला तो ऐकताच नाकात धूळ जाते.

कोणी ‘स्वयंवर’ सुचवेल, कारण तिथेही निवडण्याचा अधिकार एकाच बाजूला असतो. तो शब्द घेऊ नका. स्वयंवर म्हटले की हार आला, सनई आली, आणि ऐकणारी प्रेमकथा झेडनवरून उठून ड्रॅगनाकडे जाऊन बसेल. मळणी म्हणताना फक्त एक गोष्ट लगेच सांगून टाका, की या खळ्यावर पात ड्रॅगनांची आहे आणि कणसांच्या जागी मुले आहेत.

उत्तर – रिकीब

‘विंग’ हा शब्द तसाच ठेवावा असे माझे मत आहे. सोलापुरात नव्या इमारतींमुळे विंग म्हटल्यावर आधी ए विंग, बी विंग आठवते हे खरे, परंतु विंग कमांडर हे पद वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे, आणि तो धागा पकडला की पुरते. कादंबरीतली रचनाही सोपी आहे: एका विंगमध्ये तीन विभाग, त्यांची नावे ज्वाला, पंजा आणि शेपूट अशी करता येतील, आणि प्रत्येक विभागात तीन पथके. व्हायोलेट चौथ्या विंगच्या ज्वाला विभागात दुसऱ्या पथकात आहे.

मला आधी मराठ्यांच्या घोडदळाची परिभाषा वापरावी असे वाटले होते. सभासद बखरीतली उतरंड सुंदर आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी, आणि सर्वांवर सरनोबत. परंतु आज हवालदार म्हटले की चौकीतला पोलीस डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो मोह सोडला. त्याच घोडदळातली एक जोडी मात्र अवश्य सांगा. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. ड्रॅगनस्वार या दोन्हींत बसत नाही, कारण इथे वाहनच स्वाराला पत्करते किंवा नाकारते, आणि आपला ड्रॅगन गेला तर स्वारही जगत नाही. शिलेदाराचा घोडा रणात पडला तर त्याची रोजी जाई, जीव राही. हा फरक सांगितलात की नात्याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बसण्याच्या कौशल्यासाठी ‘मांड’ हा शब्द वापरा. व्हायोलेटची सगळी काळजी मांड टिकेल की नाही हीच तर असते.

पहिल्या दिवशी मुलांना ज्या अरुंद दगडी वाटेवरून दरी ओलांडावी लागते, तिला ‘कठडा’ म्हणू नये. कठडा पडण्यापासून वाचवतो, आणि इथे तर धरायला काहीच नाही. तटावरून फिरण्याच्या वाटेला ‘फांजी’ म्हणतात. आपल्या भुईकोटाच्या तटाकडे बोट दाखवून ‘दोन्ही बाजूंचा आडोसा काढून टाकलेली फांजी’ असे सांगितले तर सोलापूरच्या माणसाला ती उंची लगेच कळेल.

तुमच्या मुलींत कोणी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करत असेल तर ‘कॅडेट’ हा शब्द बदलू नका. २०२२ मध्ये तिथे मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. त्या मुली स्वतःला कॅडेटच म्हणवतात.

उत्तर – पेठेतली_नात

बाई, दुसऱ्या शब्दाविषयी लिहिते. माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण होते. मनगटाजवळ तुळस, कोपराच्या खाली विंचू आणि मधे ठिपक्यांची ओळ. ती म्हणायची की मेल्यावर दागिने घरातले काढून घेतात, बरोबर येते ते गोंदण. गोंदताना ती रडली होती, पण ते मायेच्या माणसांनी, तिला धरून बसून करवून घेतले होते. डाग मात्र जनावराला देतात, तोही त्याला पाडून, पाय बांधून आणि तापलेल्या लोखंडाने. दोन्हींत कातडीच दुखते, पण एकाने माणूस घरचा होतो आणि दुसऱ्याने कोणाच्या तरी मालकीचा.

यामुळे स्वाराची खूण ती गोंदण आणि बंडखोरांच्या मुलांची खूण तो डाग, अशी वाटणी करावीशी वाटते. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु असे दोन शब्द केले तर लेखिकेने एकच शब्द वापरून जे साधले आहे ते आपल्या हातून निसटते. एकच शब्द असल्यामुळे वाचकाला सतत प्रश्न पडत राहतो की सन्मान आणि शिक्षा ही दिसायला इतकी सारखी कशी. आपण दोन शब्द वापरून त्याचे उत्तर आधीच देऊन टाकू नये. झेडनच्या मानेवर चढलेली ती नक्षी पाहून व्हायोलेट आधी घाबरते आणि तरीही तिची नजर तिथून हलत नाही. ‘डाग’ म्हटले तर तिची नजर तिथे का खिळली हे कळणारच नाही.

म्हणून तुम्ही निवेदनात दोन्हींसाठी ‘गोंदण’ म्हणा, आणि ‘डाग’ हा शब्द त्या मुलांचा तिरस्कार करणाऱ्या पात्रांच्याच तोंडी द्या. कोणाच्या तोंडी कोणता शब्द येतो यावरून तो माणूस कोणत्या बाजूचा आहे हे ओसरीवरच्या सगळ्यांना बरोबर कळेल.

उत्तर – सैल_सांधे

मी इथे सहसा लिहीत नाही, पण तुमचा तिसरा प्रश्न वाचून राहवले नाही. मी चौतीस वर्षांची आहे, जुळे सोलापुरात राहते, आणि माझे शरीर व्हायोलेटच्या जातीचे आहे.

माझा उजवा खांदा प्रथम निखळला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. गच्चीवर ओली सोलापुरी चादर दोरीवर टाकत होते. ज्यांनी ती हाताने धुतली आहे त्यांना ओल्या चादरीचे वजन माहीत आहे. चादर दोरीवर पडली आणि हात खाली आलाच नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे मला सांगण्यात आले की वाढीच्या वयात असे होते, की मी अंगचोर आहे, की मला लक्ष वेधून घ्यायची सवय आहे. शाळेत मी अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवून दाखवायची आणि मुली टाळ्या वाजवायच्या. ते लक्षण आहे हे कोणालाच सुचले नाही. सत्ताविसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी बायटन मोजमाप केले. करंगळ्या, अंगठे, कोपरे, गुडघे आणि वाकून जमिनीवर टेकणारे तळवे असे ९ गुण असतात, त्यांत मला ७ मिळाले. मग नाव कळले: एहलर्स-डॅनलॉस. शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींची घडण, बहुतेक प्रकारांत कोलॅजनची, यात बिघडलेली असते. त्याचे १३ प्रकार मानले जातात आणि सर्वांत जास्त आढळणारा, सैल सांध्यांचा प्रकार रक्त तपासून सापडत नाही, तो तपासणाऱ्याच्या नजरेनेच ओळखावा लागतो.

रेबेका यारोस यांनी स्वतःला हा विकार असल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. कादंबरीत त्याचे नाव कुठेही येत नाही, कारण त्या जगात ते नाव नाही, पण पहिल्या काही प्रकरणांतच मी ओळखले. गुडघ्याला पट्टी कोणत्या बाजूने गुंडाळायची, निखळलेला सांधा बसवून घेतल्यावर पहिला श्वास कसा घ्यायचा, हे जिला ठाऊक आहे तिनेच ते लिहिलेले आहे.

आता शब्दाविषयी. ‘नाजूक’ ही मराठीत स्तुती आहे आणि तीच तर खरी पंचाईत आहे. नाजूक वस्तू आपण कपाटात वर ठेवतो. ‘अशक्त’ही म्हणू नका, कारण सैल सांधा जागेवर राखण्यासाठी आजूबाजूचे स्नायू दिवसभर राबत असतात; संध्याकाळी मी दमते ती शक्ती नसल्यामुळे दमत नाही, ती खर्च झाल्यामुळे दमते. ‘अधू’ शब्दात तर दार बंद झाल्याचा आवाज आहे. माझी विनंती अशी की विशेषण वापरूच नका. क्रियापदे वापरा. तिचा खांदा निखळतो, ती तो बसवून घेते आणि चालू लागते. तिला ठाऊक असते की ताकदीत ती हरणार, म्हणून ग्रंथालयात मिळवलेले विषांचे ज्ञान वापरून ती द्वंद्वाच्या आधीच समोरच्याचे बळ कमी करून ठेवते. फांजीवर चढण्यापूर्वी रांगेतल्या सोबतच्या मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत हे तिच्याच लक्षात येते आणि ती आपला एक बूट तिला देऊन तिचा एक घेते, म्हणजे दोघींचा निदान एक पाय तरी घट्ट टेकेल. ज्या मुलीने जन्मभर कुठे पाय घसरेल याचा हिशेब केला आहे, तिलाच दुसऱ्याचे तळवे दिसतात.

आणि बाई, प्रेमकथा सांगताना अडचण येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, तिथे मी नम्रपणे असहमत आहे. ‘नाजूक’ शब्दाने प्रेमकथाही बिघडते. व्हायोलेटचा बालमित्र डेन तिला सारखा सांगतो की तू इथून निघून जा, मी तुला लेखनिकांकडे पोहोचवतो, तू इथे मरशील. त्याचे तिच्यावर प्रेम आहे आणि तो तिला जपतो. आपल्याकडे ‘जपणे’ याहून मोठे कौतुक नाही. माझ्या घरच्यांनीही मला जपले. सहलीला पाठवले नाही, सायकल दिली नाही, आणि माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाला माझ्या वतीने नकारही देऊन टाकला. झेडन मात्र तिला सरावाच्या जाजमावर आडवे पाडतो आणि तू कुठे चुकलीस ते त्याच जागी सांगतो. तो तिला सवलत देत नाही, कारण ती उद्याही इथे असेल असे तो गृहीत धरतो. वैऱ्याचा मुलगा तिला जिवंत राहणारी समजतो आणि जिवलग मित्र मरणारी, म्हणून तिचे मन तिकडे ओढ घेते. नायिका जर ओसरीवर सुरुवातीपासूनच ‘नाजूक’ असेल तर सगळ्यांना डेनच शहाणा वाटेल.

उत्तर – चौपायी

ड्रॅगनला ‘व्याल’ म्हणू नये, एवढेच सुचवतो. मंदिरांवरच्या शिल्पांत गजव्याल, सिंहव्याल, अश्वव्याल अशी कितीतरी रूपे आहेत, आणि जुन्या मराठी कवितेत ‘व्याळ’ म्हणजे सरळ साप. किल्ल्यांच्या दरवाज्यांवरचा शरभही वेगळाच. या कादंबरीतल्या ड्रॅगनांना चार पाय आणि दोन पंख असतात, त्यांचे रंग आणि शेपट्यांचे प्रकार ठरलेले असतात, आणि हे सर्व नीट लक्षात ठेवावे लागते. विशेषतः पाय मोजायची सवय ऐकणाऱ्यांना आतापासून लावा. यापुढे काही सांगत नाही. ‘ड्रॅगन’ हाच शब्द ठेवा. मळणीच्या दिवशी टेर्न नावाचा काळा ड्रॅगन येईल, तेव्हा त्याच्या पूर्ण नावाचा अर्थ मात्र सांगा: स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत तो शब्द मेघगर्जनेसाठी आहे.

ओसरीवरच्या_बाई

सर्वांचे मनापासून आभार. काल गुरुवार होता, म्हणून काय घडले ते कळवते.

पुढचे प्रकरण बाजूला ठेवून मी पहिले प्रकरण पुन्हा सांगितले. सैल_सांधे ताई, मी सर्वांसमोर म्हटले की मागे मी चुकीचा शब्द वापरला होता आणि तो मी परत घेते, आणि मग एकही विशेषण न लावता तिची पट्टी, तिचा खांदा आणि तिचे बूट एवढेच सांगत गेले. डेन बोलू लागला तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “हा चांगला आहे, पण हा तिला बसवून ठेवणार.” मला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर मळणी. शब्द उच्चारताच आजींनी खळ्याला कन्नडमध्ये ‘कण’ म्हणतात असे सांगितले, दोघी जावांपैकी थोरलीने ‘कळ्ळम्’ असा तेलुगू शब्द दिला, आणि पाच मिनिटे तिघी-चौघी तिवडा किती उंच असावा यावरच बोलत राहिल्या. मुलींनी खळे कधी पाहिलेलेच नव्हते, त्या गप्प बसून ऐकत होत्या. मग मी तिवडा यांनी सांगितले तसे म्हटले, की इथे कणसांच्या जागी मुले आहेत. ओसरीवर कोणी हलले नाही.

उठताना आजींनी मला थांबवले. घरी ठेवण्याविषयी त्या या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, “ती दोघी बूट बदलून गेल्या ना, ते त्यांनी परत केव्हा बदलले? का तशाच दोन तऱ्हेचे बूट घालून हिंडल्या?” मला सांगता आले नाही. आज सकाळी तेवढ्यासाठी मी ते प्रकरण पुन्हा उघडून बसले आहे.